थायरॉइडचा दुर्मिळ कॅन्सर आणि सोबतची दुसरी गाठ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जनुकीय समुपदेशक आहे. कागदावर घराण्याची आकृती काढायची, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, आणि मग विचारत बसायचं की कोण कशाने गेलं, हे माझं रोजचं काम. थायरॉइडच्या दुर्मिळ कॅन्सरबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढे अडचणीचे येतात. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. निदान आणि औषध हे काम तुमच्या डॉक्टरांचं; त्यांना काय विचारायचं, ते या पानावरून ठरवा.

१. सगळे म्हणतात, थायरॉइडचा कॅन्सर म्हणजे त्यातल्या त्यात बरा. मग माझ्या रिपोर्टवर 'मेड्युलरी' वाचून डॉक्टरांचा चेहरा का बदलला?

लोक ज्याला 'बरा' म्हणतात तो पॅपिलरी. थायरॉइडच्या दर दहा कॅन्सरमधले आठ तरी त्या जातीचे असतात आणि बहुतेकांचं आयुष्य त्याने कमी होत नाही. मेड्युलरीचं कूळच निराळं. थायरॉइडमध्ये हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या अधेमधे 'सी' पेशी विखुरलेल्या असतात. थायरॉइडच्या नेहमीच्या कामाशी त्यांचं देणंघेणं नाही. त्या कॅल्सिटोनिन नावाचं द्रव्य सोडतात. एकाच वाड्यात राहणारं वेगळं बिऱ्हाड म्हणा ना. या पेशींचा कॅन्सर म्हणजे मेड्युलरी. १९५९ साली त्याला स्वतंत्र ओळख मिळाली. थायरॉइडच्या शंभर कॅन्सरमध्ये तो एखाददुसराच.

डॉक्टर गंभीर होतात ते दोन कारणांनी. एक, हा कॅन्सर मानेच्या लसिका गाठींत लवकर उतरतो. दोन, साधारण चारातला एक मेड्युलरी आनुवंशिक असतो, आणि तशा घरांत तो एकटा येत नाही. हे पान मुख्यतः त्या दुसऱ्या कारणाबद्दल आहे.

२. थायरॉइडमध्ये कॅन्सर आणि सोनोग्राफीत पोटातही गाठ. म्हणजे पसरला का?

घाईने 'पसरला' म्हणू नका. अशा जोडीचे चार अर्थ होऊ शकतात. थायरॉइडचा कॅन्सर खरोखरच तिकडे गेला असेल. किंवा उलट, दुसरीकडचा कॅन्सर थायरॉइडमध्ये आला असेल (प्रश्न १८). किंवा दोन्ही गाठी एकाच जनुकीय दोषातून स्वतंत्रपणे उगवल्या असतील. किंवा निव्वळ योगायोग.

कुठे गाठ आहे यावरून बरंच कळतं. मेड्युलरी पसरतो तो बहुधा यकृत, फुप्फुसं आणि हाडांत. गाठ मूत्रपिंडाच्या डोक्यावर, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीत असेल, तर पहिली शंका फिओक्रोमोसायटोमाची (थोडक्यात 'फिओ') घ्यायची. ती मेड्युलरीची शाखा नसते. वेगळी गाठ असते, तिचा उपचार वेगळा आणि तातडी वेगळी. आणि या ॲड्रिनलच्या गाठीत 'बघू तरी काय आहे' म्हणून सुई घालू द्यायची नाही. आधी रक्ताची किंवा लघवीची तपासणी (प्रश्न ४).

३. एमईएन-२ हे काय प्रकरण आहे?

'मल्टिपल एंडोक्राइन निओप्लाझिया', म्हणजे एकाच माणसाच्या अनेक अंतःस्रावी ग्रंथींत गाठी होणं. त्याचा दुसरा प्रकार आरईटी नावाच्या जनुकातल्या दोषामुळे होतो. हे जनुक दहाव्या गुणसूत्रावर आहे. त्याचा आणि या आजाराचा संबंध १९९३ मध्ये सापडला.

२-ए हा जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेड्युलरी जवळजवळ सगळ्यांना, फिओ सुमारे निम्म्यांना, आणि पॅराथायरॉइडचा त्रास वीस ते तीस टक्क्यांना होतो. पॅराथायरॉइड म्हणजे थायरॉइडमागच्या छोट्या ग्रंथी; त्या बिघडल्या की रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मुतखडे होत राहतात. 'आमच्या घरात सगळ्यांनाच खडे' असं कुणी म्हणालं की मी आकृतीत खूण करून ठेवते. ६३४ क्रमांकाच्या कोडॉनमध्ये (म्हणजे जनुकातल्या त्या क्रमांकाच्या जागी) दोष असलेल्या काहींच्या पाठीवर, खांद्याच्या फऱ्यांच्या मध्ये, खाज येणारा काळपट, खरखरीत चट्टा असतो. वर्षानुवर्षं गजकर्णाचं मलम चोळलेलं असतं. तो गजकर्ण नसतो.

२-बी दुर्मिळ पण जास्त आक्रमक. त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

४. फिओ आहे की नाही, हे कसं कळतं? माझं बीपी तर नॉर्मल आहे.

दवाखान्यातल्या त्या दोन मिनिटांत नॉर्मल असेल. फिओची गाठ ॲड्रिनॅलिनच्या जातीची द्रव्यं लहर लागेल तशी सोडते. अचानक डोकं ठणकतं, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, चेहरा पांढराफटक पडतो, आणि पंधरा-वीस मिनिटांत सगळं निवळतं. पुष्कळांना 'टेन्शन घेता तुम्ही' असं सांगून घरी पाठवलेलं असतं. आणि आनुवंशिक प्रकारात तर काहींना एकही लक्षण नसतं. म्हणून लक्षणांवर विसंबून चालत नाही.

तपासणी मेटानेफ्रिनची, म्हणजे ती द्रव्यं मोडून तयार होणाऱ्या पदार्थांची. रक्तातली करायची तर आधी अर्धा तास शांत पडून राहून मग रक्त द्यायचं. लॅबमध्ये रांगेत उभं राहून, चढलेल्या दमाने दिलं तर आकडा उगाच वाढतो. लघवीतली करायची तर चोवीस तासांची. लोक इथेच चुकतात: सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, घड्याळात वेळ लिहायची, तिथून पुढची सगळी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशीची त्याच वेळेची पहिली लघवीही कॅनमध्ये. लग्नाला जायचं असेल त्या दिवशी ही तपासणी ठेवू नका. नैराश्याच्या काही गोळ्यांनी आणि काही पद्धतींत पॅरासिटामॉलनेही आकडा बिघडतो, तेव्हा चालू औषधांची यादी आधी द्या. मेटानेफ्रिन वाढलेले निघाले तरच सीटी किंवा एमआरआय.

५. गळ्यात कॅन्सर आहे हे माहीत असूनही डॉक्टर थायरॉइडचं ऑपरेशन पुढे ढकलतायत आणि आधी पोटातली गाठ काढायची म्हणतायत. हे उलटं नाही का?

अगदी सुलट आहे. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

फिओ अंगात असताना भूल दिली, नळी घातली, कुठेही चाकू लावला, की ती गाठ द्रव्यांचा लोंढा सोडू शकते. रक्तदाब आभाळाला भिडतो, हृदयाची लय बिघडते. भूलतज्ज्ञाला माहीत नसेल तर माणूस टेबलावर जाऊ शकतो. ऑपरेशन गळ्याचं, हर्नियाचं की बाळंतपणाचं, याने फरक पडत नाही. मेड्युलरी काही आठवडे थांबू शकतो. फिओ थांबत नाही.

म्हणून क्रम असा: आधी फिओ शोधायचा. असेल तर अल्फा-ब्लॉकर, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारं औषध, सुरू. आपल्याकडे प्राझोसिन बरंच वापरलं जातं. पहिली गोळी रात्री झोपताना, कारण उभं राहिल्यावर चक्कर येते. एक ते दोन आठवडे डोस वाढवत नेतात, आणि मीठ-पाणी भरपूर घ्यायला सांगतात. घरचे दचकतात, 'बीपीच्या पेशंटला मीठ?' हो, मीठ. आकसलेल्या रक्तवाहिन्या सैल होत असताना त्या भरलेल्या हव्यात. नाक चोंदणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं हे औषध लागू पडल्याचं लक्षण आहे. धडधड उरली तर नंतर बीटा-ब्लॉकर, पण कधीही अल्फाच्या आधी नाही. क्रम चुकला तर रक्तदाब आणखी उसळतो. मग ॲड्रिनलचं ऑपरेशन, बहुतेकदा दुर्बिणीतून. त्यातून सावरल्यावर गळा.

६. माझं थायरॉइडचं ऑपरेशन होऊन गेलं. फिओची तपासणी कुणी केलीच नव्हती. आता काय?

त्या दिवशी निभावलं. आता तपासणी करून घ्या, कारण पुढे कधी ना कधी दुसरं ऑपरेशन येईलच. मेड्युलरी हे निदान ऑपरेशननंतरच्या रिपोर्टमध्येच पहिल्यांदा कळण्याचं प्रमाण आपल्याकडे बरंच आहे, त्यामुळे दरवेळी त्यात कुणाचा दोष असतोच असं नाही. पण मानेतल्या गाठींसाठी पुन्हा ऑपरेशन ठरलं असेल, तर मेटानेफ्रिनशिवाय टेबलावर चढू नका.

७. जनुकीय तपासणी नेमकी कसली, आणि आधी कुणाची?

आरईटी जनुकाची, आणि आधी ज्याला मेड्युलरी झाला आहे त्याची. साधं रक्त किंवा लाळ पुरते. लोकांचा गोंधळ इथे होतो: ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीवरही आरईटी तपासतात, आणि तिथे दोष सापडला म्हणून तो आनुवंशिक ठरत नाही. घरात कुणालाच नसलेल्या मेड्युलरीतही, सुमारे निम्म्या जणांच्या गाठीत, आरईटीचा दोष असतो. तो फक्त त्या गाठीपुरता. मुलाबाळांचा प्रश्न सोडवायचा तर तपासणी रक्तावर किंवा लाळेवरच हवी. गाठीवरची तपासणी कामाची आहे ती औषध निवडायला (प्रश्न १४).

रुग्णाच्या रक्तात दोष सापडला, तर मग आईवडील, भावंडं आणि मुलं यांची फक्त त्या एका जागेची तपासणी. ती सोपी असते आणि बरीच स्वस्त पडते. ज्याला तो दोष नाही त्याची या आजारातून सुटका, त्याच्या मुलांचीही.

८. आमच्या सात पिढ्यांत कुणालाही कॅन्सर नाही. तरी रक्त तपासायचं?

तरीही. वरवर एकट्यादुकट्या वाटणाऱ्या मेड्युलरीतही काही टक्के लोकांच्या रक्तात दोष निघतो. शिवाय 'कुणालाही नाही' या वाक्यावर माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही.

एक गृहस्थ आले होते. घरात काही नाही, म्हणाले. मी आकृती काढत होते. आजोबा? म्हातारपणाने. वडील? अपघातात, चाळिशीत. वडिलांना भावंडं? एक भाऊ, एक बहीण. बहीण कशी गेली? 'ती ना, अपेंडिक्सच्या ऑपरेशनला टेबलावरच गेली. भूल सोसली नाही तिला.' वय? 'सव्वीस असेल.' एवढं सांगून तेच थांबले आणि माझ्या कागदावरच्या त्या वर्तुळाकडे बघत राहिले. त्यांना दोन्ही बाजूंना फिओ होता, आणि रक्तात दोषही सापडला. आत्याचं काय झालं होतं हे आता सिद्ध करता येणार नाही, पण तिच्या वर्तुळाशेजारी मी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.

याचा जुना दाखला जर्मनीतल्या फ्रायबुर्गचा. १८८६ मध्ये फेलिक्स फ्रेंकेल या डॉक्टरांनी १८ वर्षांच्या एका तरुणीची हकीगत लिहिली. धडधड आणि घामाचे झटके येत येत ती गेली, आणि शवविच्छेदनात दोन्ही ॲड्रिनलमध्ये गाठी मिळाल्या. फिओचं ते पहिलं वर्णन मानलं जातं. २००७ मध्ये तिच्या घराण्यातल्या हयात नातलगांना शोधून रक्त तपासलं, तर त्यांच्यात आरईटीचा दोष सापडला. १२१ वर्षं तो घरातच होता.

तेव्हा वंशवेल लिहिताना 'कॅन्सर होता का' एवढंच विचारू नका. कुणी तरुणपणी अचानक गेलं का, भूल देताना गेलं का, बाळंतपणात बीपी चढून गेलं का, गळ्यावर गाठ होती का, खडे होते का, हेही विचारा. सासरी गेलेल्या आत्या आणि बहिणी यादीतून गळतात. त्यांना आणि त्यांच्या मुलांना मुद्दाम घ्या. हा दोष मुलगा-मुलगी पाहत नाही.

९. माझ्या पाच वर्षांच्या मुलीत दोष सापडला. ती खेळतेय, बागडतेय. डॉक्टर तिचा थायरॉइड काढायचं म्हणतायत. चांगल्या मुलीवर चाकू चालवायचा?

हा प्रश्न विचारताना कुणाचाही आवाज सरळ राहत नाही. तरीही उत्तर बहुधा 'हो' असतं, आणि वेळ ठरते दोषाच्या जागेवरून. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनात तीन पातळ्या आहेत. ९१८ क्रमांकाचा विशिष्ट दोष म्हणजे सर्वांत जास्त धोका. तिथे पहिल्या वर्षातच ऑपरेशन सुचवतात. ६३४ आणि ८८३ ही दुसरी पातळी. पाचव्या वर्षी किंवा त्याआधी, कॅल्सिटोनिन पाहून. बाकीच्यांत कॅल्सिटोनिन आणि सोनोग्राफीवर नजर ठेवत थांबता येतं, आकडा चढू लागला की काढायचा.

कारण साधं आहे. मेड्युलरी गळ्याबाहेर गेला की तो पूर्ण बरा करणं अवघड. गळ्यात उगवण्याआधी ग्रंथी काढली तर तो कॅन्सर होतच नाही. बदल्यात रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. पण लहान मुलाच्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड तांदळाच्या दाण्याहून बारीक असतात, आवाजाची नस जवळून जाते. तेव्हा हे ऑपरेशन नेहमी अशी ऑपरेशनं करणाऱ्याच हातांत द्या. घराजवळचं हॉस्पिटल हा इथे निकष नव्हे.

फिओची वार्षिक तपासणी पहिल्या दोन पातळ्यांत अकराव्या वर्षापासून, तिसरीत सोळाव्यापासून सुरू होते.

१०. २-बी ओळखायचा कसा? आमच्याकडे आईवडील दोघांचंही रक्त निर्दोष आहे.

२-बी मध्ये बहुतेकदा तसंच असतं. दोष त्या मुलातच नव्याने झालेला असतो, म्हणून घराण्याचा इतिहास शोधून हाती काही लागत नाही. मुलाकडेच पाहावं लागतं. जिभेच्या टोकावर, कडांना बारीक टपोरे उंचवटे. जाडसर ओठ. उंच, हडकुळा बांधा, लांब हातपाय. लहानपणापासून चिवट बद्धकोष्ठ आणि फुगणारं पोट. आणि एक गोष्ट फक्त आईलाच माहीत असते: तान्हेपणी बाळ रडायचं तेव्हा डोळ्यांत पाणी येत नसे. मी हे विचारते तेव्हा काही आया क्षणभर गप्प होतात आणि मग म्हणतात, 'तुम्हाला कसं कळलं?'

यातली एखादीच खूण असलेली मुलं पुष्कळ असतात, त्यांना काही झालेलं नसतं. दोन-तीन एकत्र दिसल्या तर बालरोगतज्ज्ञांकडे विषय काढा.

११. चेकअपमध्ये कॅल्सिटोनिन किंचित वाढलेलं आलं. गूगल केलं आणि झोप उडाली.

आधी सांगा, ॲसिडिटीची गोळी घेता का? पँटोप्राझोल, ओमेप्राझोल वर्षानुवर्षं घेणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि त्यांनी कॅल्सिटोनिन थोडं वाढतं. मूत्रपिंडाचा जुना आजार आणि धूम्रपान यांनीही वाढतं. डॉक्टरांना विचारून गोळी काही दिवस थांबवून तपासणी परत करतात. शेकड्यांतला आकडा मात्र टाळू नका. पाचशेच्या पुढे गेला तर गळ्याबाहेरही शोध घ्यावा लागतो.

ऑपरेशन झालेल्यांसाठी एकट्या आकड्यापेक्षा तो दुप्पट व्हायला किती वेळ लागतो हे महत्त्वाचं. सहा महिन्यांच्या आत दुप्पट होत असेल तर काळजीचं. दोन वर्षांहून जास्त लागत असतील तर पुष्कळ जण त्याच आकड्यासोबत वर्षानुवर्षं नोकऱ्या करतात, मुलांची लग्नं करतात. प्रत्येक वेळी त्याच लॅबमध्ये द्या, नाहीतर तुलना फसते. ऑपरेशननंतरची पहिली तपासणी साधारण तीन महिन्यांनी.

१२. शेजारच्या काकूंना आयोडीनचा डोस देऊन बरं केलं. मला का देत नाहीत?

काकूंचा बहुधा पॅपिलरी असणार. ते किरणोत्सारी आयोडीन थायरॉइडच्या हार्मोन बनवणाऱ्या पेशी ओढून घेतात. सी पेशी आयोडीनला हातच लावत नाहीत, तेव्हा डोस वाया जाईल.

१३. ऑपरेशनांनंतर आयुष्यभर किती गोळ्या?

थायरॉइड गेला की थायरॉक्सिन, कायमचं. मेड्युलरीत फक्त कमतरता भरून काढायची असते, पॅपिलरीसारखा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) दाबून ठेवायची गरज नसते. पॅराथायरॉइडला धक्का लागला असेल तर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. तोंडाभोवती, बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर ते कमी पडतंय.

खरी सावधगिरी दोन्ही ॲड्रिनल गेलेल्यांना. हायड्रोकॉर्टिसोन एक दिवसही चुकवायचं नाही. ताप आला तर डोस वाढवायचा, किती ते आधीच लिहून घ्यायचं. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर लगेच हॉस्पिटल आणि इंजेक्शन; सकाळपर्यंत वाट बघायची नाही. 'स्टेरॉइड वाईट' असं कुणी सांगितलं म्हणून गोळी बंद केलेला माणूस मी बेशुद्धावस्थेत आलेला पाहिला आहे. पाकिटात आधार कार्डामागे एक चिठ्ठी ठेवा: 'माझ्या ॲड्रिनल ग्रंथी काढल्या आहेत, मला हायड्रोकॉर्टिसोनची गरज आहे.' शक्य असतं तेव्हा सर्जन ग्रंथीचा थोडा भाग राखतात, म्हणजे ही वेळच येत नाही. ते शक्य आहे का, हे ऑपरेशनआधी विचारा.

१४. पसरलेल्या मेड्युलरीला औषध आहे का?

आहे. नेहमीची केमो फारशी चालत नाही, गोळ्या चालतात. अमेरिकेत व्हॅन्डेटॅनिबला २०११ मध्ये आणि कॅबोझँटिनिबला २०१२ मध्ये मान्यता मिळाली. २०२० मध्ये आलेलं सेलपरकॅटिनिब नेमकं आरईटीवरच बेतलेलं आहे, आणि ते सोसायला तुलनेने सोपं. किंमत मोठी असते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात रुग्ण-साहाय्य योजनेची चौकशी करा आणि लाजू नका. आजार संथ असेल तर डॉक्टर काहीच न देता नुसतं पाहत राहतील. तोही उपचारच आहे.

१५. आईच्या मानेवर वीस वर्षांची गाठ होती, काही त्रास नव्हता. दोन महिन्यांत ती लिंबाएवढीची मोसंबीएवढी झाली, आवाज बसला.

हे वाचायचं बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात कॅन्सर हॉस्पिटल गाठा. ॲनाप्लास्टिकची शंका असते. थायरॉइडच्या शंभर कॅन्सरमधला एखाददुसराच, पण सर्वांत आक्रमक. साठीनंतर जास्त. पुष्कळदा त्याच ग्रंथीत शेजारी जुना पॅपिलरी किंवा फॉलिक्युलर (थायरॉइडच्या कॅन्सरचा आणखी एक प्रकार) सापडतो. शांत गाठीने वर्षानुवर्षांनी रूप बदललेलं असतं. हा आनुवंशिक नसतो, तुम्हा मुलांना रक्त तपासायची गरज नाही.

दोन गोष्टी पहिल्याच दिवशी विचारा. एक, श्वासाची वाट मोकळी आहे का. दोन, गाठीवर बीआरएएफ जनुकाची तपासणी पाठवली का. तो दोष असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी २०१८ पासून उपलब्ध आहे, आणि काही जणांत ती झपाट्याने काम करते. पूर्वी इथे महिने मोजले जायचे. आता सगळ्यांच्या बाबतीत तसं राहिलेलं नाही. आणि अशीच भरभर वाढणारी गाठ कधी लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, निघते, विशेषतः जुना हाशिमोटो (थायरॉइडची प्रतिकारशक्तीतून होणारी सूज) असलेल्या बायकांत. त्याला केमो चांगली लागू पडते. म्हणून बारीक सुईवर न थांबता जाड सुईचा तुकडा घ्यायला सांगा.

१६. एकाच थायरॉइडमध्ये पॅपिलरीही लिहिलंय आणि मेड्युलरीही. लॅबची चूक?

चूक असेलच असं नाही. दोन वेगळ्या गाठी शेजारी शेजारी वाढून एकमेकींना भिडू शकतात. पॅपिलरी इतका सर्रास आढळतो की त्याचे मिलिमीटरभर ठिपके इतर कारणांनी काढलेल्या ग्रंथींतही मिळतात. उपचार जास्त धोक्याच्या गाठीप्रमाणे ठरतो, म्हणजे इथे मेड्युलरीप्रमाणे; रक्ततपासणीही प्रश्न ७ प्रमाणेच. स्लाइड्स मात्र दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवा, कॅल्सिटोनिनच्या रंगतपासणीसकट.

१७. आईला स्तनाचा कॅन्सर, मावशीला गर्भाशयाचा, मला फॉलिक्युलर थायरॉइड. हे एमईएन आहे का?

नाही, त्यात हे बसत नाही. इथे पीटीईएन जनुकातला दोष, म्हणजे काउडेन सिंड्रोम, मनात येतो. स्तन, गर्भाशयाचं अस्तर आणि थायरॉइड हे त्याचं त्रिकूट. अशा लोकांचं डोकं मोठं असतं. टोपी, हेल्मेट मापाचं मिळत नाही. चेहऱ्यावर, हिरड्यांवर बारीक पुटकुळ्या. मी टेपने डोक्याचा घेर मोजते तेव्हा लोक हसतात. दोष निघाला तर स्तनांची तपासणी तिशीपासून सुरू होते.

मात्र स्तनाचा कॅन्सर आणि पॅपिलरी थायरॉइड दोन्ही इतके आढळतात की एकाच बाईला दोन्ही झाले, एवढ्याने सिंड्रोम ठरत नाही.

अशीच आणखी दोन नावं. तरुण मुलीच्या रिपोर्टवर 'क्रिब्रिफॉर्म-मोरुलर' हा थायरॉइड कॅन्सरचा दुर्मिळ प्रकार आला तर मोठ्या आतड्याची दुर्बीण-तपासणी करा. एपीसी जनुकाच्या दोषात आतड्यात शेकडो पॉलिप वाढतात, आणि कधी थायरॉइड त्याच्याआधी बोलतो. लहान बाळाला फुप्फुसाचा ब्लास्टोमा (बालवयातला कॅन्सर) आणि घरात पोरसवदा वयात गाठीगाठींचा गलगंड, किंवा मुलीच्या अंडाशयात गाठ, असं असेल तर डायसर-१ जनुक तपासतात.

१८. बाबांची एक किडनी बारा वर्षांपूर्वी कॅन्सरमुळे काढली. आता थायरॉइडमध्ये गाठ. नवा कॅन्सर?

कदाचित तोच जुना. किडनीचा कॅन्सर दशकभर गप्प राहून थायरॉइडमध्ये उगवतो. बाहेरून थायरॉइडमध्ये येणाऱ्यांत त्याचा नंबर वरचा. सुईच्या तपासणीत तो थायरॉइडचाच असल्यासारखा दिसू शकतो. पॅथॉलॉजिस्टला जुन्या किडनीबद्दल कुणी सांगितलंच नाही तर त्यांना ते सुचणार कसं? फॉर्मवर लिहा, जुना ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) द्या.

१९. आमच्यात मामाच्या मुलीशी लग्न होतं. त्यामुळे हे झालं का? आणि पुढे मुलांचं काय?

त्यामुळे नाही. आरईटीचा दोष एकाच पालकाकडून आला तरी पुरतो. प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता अर्धी. नात्यातलं लग्न ठरत असेल तर मात्र दोघांचंही रक्त तपासा, कारण मामेबहीणही त्याच वेलीवरची.

लग्नाआधी समोरच्या घरी सांगायचं की नाही, यावर मी सल्ला देत नाही, पण लपवल्यावर नंतर काय होतं ते पाहिलं आहे. मूल हवं असेल तर आयव्हीएफमध्ये गर्भ रुजवण्याआधी त्याची तपासणी करता येते. आयव्हीएफ नको असेल तर जन्मानंतर बाळाचं रक्त तपासायचं. एक अट मात्र सोडू नका: दोष असलेल्या बाईने दिवस राहण्याआधी फिओची तपासणी करावी. बाळंतपणात तो पहिल्यांदा उघड झाला तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेततं.

२०. जनुकीय रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' असं आलं. आता मुलांचं तपासू?

नको. याचा अर्थ बदल सापडला आहे, पण तो दोषी की निर्दोष हे अजून ठरलेलं नाही. त्यावर कुणाचा थायरॉइड काढत नाहीत. वर्ष-दोन वर्षांनी लॅबला परत विचारा, निकाल बदललेला असू शकतो.

२१. महाराष्ट्रात कुठे जायचं?

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटाच्याच केंद्रातली कॅन्सर जनुकीय सेवा. ॲड्रिनलसाठी केईएमचा अंतःस्रावी विभाग. बाहेर लखनौचं एसजीपीजीआय आणि वेल्लोरचं सीएमसी. नुसते कागद नेऊ नका. जिथे आधी ऑपरेशन झालं तिथून स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. तुमच्याच शरीराचा तुकडा आहे तो. एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या बाईंना ब्लॉकसाठी तीन चकरा मारायला लावल्या. चौथ्यांदा त्यांनी अर्ज लेखी दिला आणि पोच मागितली, तेव्हा दहा मिनिटांत मिळाला.

२२. माझ्यात दोष निघाला. चुलत घराशी जमिनीवरून वीस वर्षं बोलणं नाही. त्यांना कसं सांगू?

फोन नको. आवाज ऐकला की जुनं वर येतं. मेसेज लिहा, छोटा, आणि रिपोर्टचा फोटो जोडा. प्रश्न ८ मधल्या त्याच गृहस्थांनी चुलतभावाला पाठवलेला मजकूर, त्यांच्या परवानगीने:

'दादा, नमस्कार. जमिनीचं आहे ते राहू दे, हे त्याबद्दल नाही. माझ्या गळ्यातली गाठ मेड्युलरी कॅन्सरची निघाली. रक्तात आरईटी जनुकाचा दोष आहे, कोडॉन ६३४. तो आजोबा किंवा आजीकडून आला असेल तर काकांकडे आणि तुझ्याकडेही असू शकतो. आत्या टेबलावर गेली ती बहुधा यानेच. काका, तू, ताई, सगळ्यांनी एकदा रक्त तपासा. तुझ्यात निघालं तरच मुलांचं. घरात कुणाचं कसलंही ऑपरेशन ठरलं असेल तर आधी डॉक्टरांना हा फोटो दाखव. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.'